ग्रेचे पुस्तक, कार्टरची पेन्सिल

बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे काय किंवा इतरत्र काय, शरीररचनाशास्त्र शिकायला लागले की ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हे नाव कानावर पडतेच. १८५८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा मजकूर हेन्री ग्रे यांचा. पण ज्या चित्रांमुळे तो जगभर गाजला, त्या ३६३ आकृत्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर या तरुण डॉक्टरने काढल्या होत्या. या कार्टर यांची पुढची तीस वर्षांची नोकरी भारतात, त्यातही मुख्यतः मुंबई आणि साताऱ्यात झाली.

कार्टर यांचा जन्म १८३१ मध्ये इंग्लंडमधील हल येथे झाला. वडील चित्रकार असल्याने पेन्सिल घरातच हातात आली. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांची ग्रे यांच्याशी ओळख झाली. १८५६-५७ मध्ये सुमारे दीड वर्ष दोघांनी मिळून शवविच्छेदन केले. कार्टर यांनी जुन्या पुस्तकांतील चित्रांची नक्कल केली नाही. समोरचा स्नायू, शीर, हाड जसे दिसते तसे त्यांनी रेखाटले. छपाई लाकडी ठशांवरून होत असल्याने ठोकळ्यावरचे चित्र उलटे असावे लागे. म्हणजे डावे-उजवे सांभाळण्याची कसरत वेगळीच. आकृतीतील अवयवांची नावे त्या-त्या अवयवावरच लिहिलेली असल्याने विद्यार्थ्याला चित्र आणि सूची यांत नजर फिरवावी लागत नसे.

या कामाचे कार्टर यांना एकदाच १५० पौंड मिळाले. ग्रे यांना मात्र दर हजार प्रतींमागे तेवढीच रक्कम ठरली होती. शिवाय मुखपृष्ठाच्या मुद्रितावर ग्रे यांनी कार्टर यांच्या नावाची अक्षरे लहान करायला लावली. पुस्तक बाजारात आले तेव्हा कार्टर मुंबईत पोहोचलेही होते.

ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले आणि जे. जे. रुग्णालयात रुग्ण तपासू लागले. तिथे त्यांच्यापुढे सुजलेले, छिद्रे पडलेले, कापून टाकावे लागलेले पाय आले. हा आजार तेव्हा ‘मदुरा फूट’ म्हणून माहीत होता. कारण उमगलेले नव्हते. कार्टर यांनी हे पाय विच्छेदून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आतल्या काळ्या आणि फिकट कणांची चित्रे काढली, आणि हा बुरशीचा रोग असल्याचे मांडून त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. पुढे कळले की काही रुग्णांत बुरशीऐवजी जिवाणू असतात. पण नाव तेच राहिले.

त्यानंतर साताऱ्याचे सिव्हिल सर्जन असताना त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यास केला. रजेच्या काळात ते नॉर्वेलाही गेले आणि तिथली कुष्ठरोग्यांसाठीची व्यवस्था भारतात कशी आणता येईल, यावर त्यांनी १८७४ मध्ये अहवाल लिहिला. १८७७ च्या दुष्काळात भुकेली माणसे दख्खनमधून मुंबईत आली, तेव्हा शहरात उलटून-उलटून येणारा ताप पसरला. कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात मळसूत्री आकाराचे जंतू शोधले. या कामात त्यांना स्वतःलाही त्या तापाची लागण झाली. १८८८ मध्ये ते निवृत्त होऊन मायदेशी परतले आणि १८९७ मध्ये स्कारबरो येथे क्षयाने वारले.

कार्टर यांच्या चित्रकलेचा आणि संशोधनाचा धागा एकच होता. चित्र काढायचे तर अवयव कुठे सुरू होतो, कुठे संपतो, शेजारच्यापेक्षा वेगळा कसा दिसतो, हे ठरवावेच लागते. अंदाजाने रेघ पुढे जात नाही. हीच सवय त्यांना पायातल्या बारीक कणांपर्यंत आणि रक्तातल्या जंतूंपर्यंत घेऊन गेली.

मायसेटोमा अजून संपलेला नाही. शेतात अनवाणी काम करताना काटा किंवा काडी रुतली की मातीतले जंतू त्वचेखाली जातात. सुरुवातीची गाठ दुखत नाही, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. पायावरची गाठ वाढत असेल, तिला छिद्रे पडून पू आणि कण येत असतील, तर लवकर रुग्णालय गाठावे. शेतात पायात बूट असलेले बरे.