भुयारी आगगाडीचा पुरस्कर्ता

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनची लोकसंख्या १० लाखांच्या आसपास होती. १८५१ साली ती २३ लाखांच्या वर गेली. शहर वाढले, पण मध्यभागातील जुने अरुंद रस्ते होते तसेच राहिले. आगगाड्या आल्या, परंतु बहुतेक गाड्यांना शहराच्या कडेलाच थांबावे लागे. तेथे उतरलेली माणसे आणि माल घोड्यांच्या गाड्यांतून आत येई. बग्ग्या, छकडे आणि बाजाराला निघालेली गुरे यांची रस्त्यांत अशी दाटी होई की, पायी चालणारा मनुष्य पुष्कळदा गाडीत बसलेल्याच्या आधी पोचे.

याच शहरात ४ ऑक्टोबर १७९३ रोजी चार्ल्स पिअर्सनचा जन्म झाला. त्याचे वडील गाद्यागिरद्यांचा व पिसांचा व्यापार करीत. चार्ल्स मात्र वकील झाला. अन्याय दिसला की त्याला स्वस्थ बसवत नसे. १६६६ च्या भयंकर आगीचा दोष कॅथॉलिक लोकांच्या माथी मारणारा एक लेख लंडनमधील स्मारकस्तंभावर कोरलेला होता. तो खोटा लेख काढून टाकावा म्हणून पिअर्सनने खटपट केली आणि १८३० च्या सुमारास ती सफळ झाली. लंडनच्या मध्यभागी ‘सिटी’ नावाचा जुना व्यापारी भाग आहे. तेथील कॉर्पोरेशनचा तो १८३९ साली कायदेविषयक सल्लागार झाला व अखेरपर्यंत त्या पदावर राहिला.

या कामामुळे गरिबांच्या वस्त्या त्याच्या नित्य पाहण्यात येत. एकेका कोंदट खोलीत अनेक माणसे राहत. मजुराच्या पायांना जेवढे चालवेल, तेवढ्याच अंतरात त्याला घर शोधावे लागे. आणि तेथे जागा महाग. पिअर्सनला वाटले, स्वस्त भाड्याची आगगाडी थेट शहराच्या पोटात आली, तर हाच मजूर दूर मोकळ्या हवेत राहील व रोज कामावर येईल. रस्त्यावर जागा नव्हती, म्हणून गाडी जमिनीखालून न्यावी, अशी सूचना त्याने १८४५ साली एका पत्रकातून मांडली. हवेच्या दाबाने गाड्या ढकलाव्या, असाही त्याचा विचार होता. लोकांनी त्याची पुष्कळ थट्टा केली. पुढल्याच वर्षी सरकारी आयोगाने शहराच्या मध्यभागात आगगाडी आणण्यास नकार दिला, आणि त्याची योजना बाजूला पडली.

पिअर्सनने नाद सोडला नाही. शहराच्या प्रवेशमार्गांवर माणसे नेमून त्याने येणाऱ्याजाणाऱ्यांची मोजदाद केली. सिटीत रोज सुमारे २ लाख लोक पायी येतात आणि ४४ हजार लोक घोड्यांच्या बसमधून येतात, असे तीतून दिसले. चौकशी समितीपुढे त्याने हे आकडे ठेवले. थट्टेला आकड्यांनी उत्तर देणारा असा मनुष्य विरोधकांना अवघडच जातो.

विरोधकही काही अगदीच वेडे नव्हते. वरच्या रहदारीच्या भाराने भुयार ढासळेल, हादऱ्यांनी घरांना तडे जातील, इंजिनाच्या धुराने प्रवासी गुदमरतील, ही भीती लोकांना खरोखरच वाटत होती. १८५३ साली आपल्या मुंबईहून ठाण्याला आगगाडी गेली, तेव्हा लंडनकरांना आगगाडीचे नवल उरले नव्हते. पण घरांच्या पायाखालून धावणारी गाडी जगात कोणीच पाहिली नव्हती.

१८५४ साली पार्लमेंटने ‘मेट्रोपॉलिटन’ कंपनीला भुयारी मार्ग बांधण्याची परवानगी दिली. तोच क्रिमियाचे युद्ध चालू असल्याने पैसा मिळेना. काही वर्षांतच कंपनी मोडकळीस आली. तेव्हा पिअर्सनने कॉर्पोरेशनलाच गळ घातली. लोकांच्या पैशाने आगगाडीचे भाग घ्यावे काय, हा मोठा वादाचा प्रश्न होता. रस्त्यांची कोंडी ही सिटीच्या व्यापाराचीच हानी आहे, हे त्याने पटवून दिले. आणि १८५९ साली कॉर्पोरेशनने २ लाख पौंडांचे भाग घेतले.

१८६० साली काम सुरू झाले. रस्त्यात खोल चर खणावयाचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती उभारावयाच्या, वर कमान घालावयाची व पुन्हा रस्ता करावयाचा, अशी रीत होती. या खोदकामात फ्लीट नदीच्या खोऱ्यातील गरिबांची घरे पाडली गेली व हजारो माणसे बेघर झाली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांच्याच डोक्यावरचे छप्पर आधी गेले. पिअर्सनच्या चरित्रातील ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. १८६२ च्या जूनमध्ये गटार बनलेली ती फ्लीट नदी फुटली आणि तिचे घाण पाणी भुयारात शिरले. मजुरांनी पाणी उपसून काम पुढे चालविले.

इतकी वर्षे झटूनही पिअर्सनने स्वतःसाठी काही घेतले नाही. कंपनीने देऊ केलेले बक्षीस त्याने नाकारले. १४ सप्टेंबर १८६२ रोजी तो वारला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १० जानेवारी १८६३ रोजी, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा सुमारे ६ किलोमीटरांचा मार्ग लोकांसाठी खुला झाला. डब्यांत गॅसचे दिवे होते. पहिल्या दिवशी सुमारे ३८ हजार लोकांनी प्रवास केला. धूर होताच, आणि त्याबद्दल कुरकुरही होती; पण वर्षभरात ९५ लाख प्रवासी त्याच धुरातून गेले.

१८६४ च्या मे महिन्यात कंपनीने खास मजुरांसाठी पहाटेच्या गाड्या सुरू केल्या. एरवी तिसऱ्या वर्गाने एका बाजूच्या प्रवासाला ३ पेन्स पडत. पहाटेच्या गाडीने जाणाऱ्या मजुराला तेवढ्याच पैशांत सायंकाळी परतही येता येई.