बालगंधर्वांचा जमाखर्च

नारायण श्रीपाद राजहंस हे नाव आज फारसे कोणी घेत नाही. लोकमान्य टिळकांनी बालवयातील गाणे ऐकून दिलेले बालगंधर्व हेच नाव महाराष्ट्राने कायम केले. 1888 साली जन्मलेला हा नट 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला आणि पुढे त्याच्या नेसण्याची, केशरचनेची, चालण्याबोलण्याची नक्कल घरंदाज स्त्रिया करू लागल्या. त्यांच्या भूमिका व पदे यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. तथापि रंगभूमीबाहेरच्या या माणसाची राहणी व त्याचा पैशाशी असलेला संबंध हा विषयही तितकाच उद्बोधक आहे.

उंची अत्तरे, भरजरी शालू, पंक्तींना सुग्रास भोजन आणि साथीला तिरखवाँसारखे तबलानवाज ही त्यांची आवड सर्वश्रुत आहे. तिला उधळपट्टी म्हणणे सोपे आहे. पण ते पुरते खरे नाही. 1919 च्या ‘एकच प्याला’त याच नटाने सिंधूसाठी ठिगळाचे लुगडे आनंदाने नेसले आणि पुढल्याच वर्षी ‘द्रौपदी’च्या मयसभेसाठी पाण्यासारखा पैसा ओतला. भूमिकेला जे साजेल ते अस्सल असावे, हा त्यांचा आग्रह होता. शालू आणि ठिगळ ही त्याचीच दोन रूपे होत.

दोष होता तो अन्यत्र. 1913 मध्ये गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे दोघेही भागीदार बाहेर पडले आणि मालकी एकट्या बालगंधर्वांकडे आली. लहानथोरांना देवा म्हणून संबोधणाऱ्या या भिडस्त, दानशूर गृहस्थाला हिशेबाच्या वहीचा मात्र कंटाळा होता. लाखांत मोजावे असे कर्ज झाले. ते त्यांनी नाकारले नाही; खेळामागून खेळ करून फेडले. परंतु सवय न बदलल्याने पुन्हा ओढग्रस्त आलीच.

या व्रताची किंमत घरानेही मोजली. 1911 साली ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी वारली, तरीही प्रयोग झाला. लोक या घटनेकडे कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून पाहतात. त्या दिवशी घरी असलेल्या आईच्या, लक्ष्मीबाईंच्या, दुःखाची नोंद मात्र क्वचितच होते.

बोलपट आल्यावर 1935 मध्ये ‘धर्मात्मा’त त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली, पण ‘प्रभात’शी सहकार्य तेवढ्यावरच थांबले. समोर रसिक नसलेल्या जागेत त्यांचे मन रमेना. ते रंगभूमीकडे परतले. पुढे गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या नाटकांतून भूमिका करू लागल्या व त्यांच्या सहचारिणी झाल्या. समाजाने नाके मुरडली, पण हा सहवास 1964 मध्ये गोहरबाईंच्या मृत्यूपर्यंत टिकला. उतारवयात पाय निकामी झाले, तरी बसून भजने गाण्याचा क्रम त्यांनी सोडला नाही. 1964 मध्ये पद्मभूषण मिळाले. तीन वर्षांनी, 1967 मध्ये, पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या रंगमंदिराची कोनशिला त्यांनी 1962 मध्ये स्वहस्ते बसविली, ते त्यांच्याच नावाने 1968 मध्ये उघडले. तो सोहळा पाहण्यास ते नव्हते.

या चरित्रातून काटकसरीचा धडा काढणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय करणे होईल. हात आखडता घेणारा बालगंधर्व हा बालगंधर्वच राहिला नसता. खरा धडा संस्थांसाठी आहे. कलावंताने खर्चाचा विचार न करता स्वप्न पाहावे, हे योग्यच. पण त्याच्या शेजारी हिशेब पाहणारा, प्रसंगी नाही म्हणू शकणारा आणि तरीही ते स्वप्न जाणणारा माणूस हवा. बालगंधर्वांवर जीव टाकणारे हजारो होते. असा माणूस त्यांना दीर्घकाळ लाभला नाही, आणि त्याचे मोल त्यांच्याबरोबर मराठी संगीत रंगभूमीलाही द्यावे लागले.