जेपी आणि एक फसवा आकडा

मांजलपूरच्या आमच्या घरात आजोबांनी जयप्रकाश नारायण यांचा फोटो लावलाय. लहानपणी मला ते नात्यातलेच कुणी वाटायचे. मागच्या वर्षी आजोबा आयसीयूत होते, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी जेपींचं चरित्र वाचून काढलं.

जन्म ११ ऑक्टोबर १९०२, सिताबदियारा गावी. सात वर्षं अमेरिकेत पडेल ते काम करत शिकले. १९३२ साली नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धन, मिनू मसानी भेटले आणि तिथल्या चर्चांतून पुढे काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९४२ च्या दिवाळीत धोतरं एकमेकांना बांधून हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडली. (आजोबांची लाडकी गोष्ट!)

२६ जून १९७५ ला पुन्हा अटक. त्या वेळी वय बहात्तर, त्यात मधुमेह. चंदीगडच्या रुग्णालयात स्थानबद्ध होते. नोव्हेंबरात सुटले ते तब्येत ढासळलेली घेऊनच. मुंबईच्या जसलोकमध्ये मूत्रपिंडं निकामी झाल्याचं निदान झालं. ती नक्की केव्हा बिघडली, यावर पुढे बराच वाद झाला.

इथवर वाचलं आणि मी आजोबांच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांचं क्रिएटिनिन १.१ आलं म्हणून आम्ही सगळे खूश होतो. डॉक्टर नव्हते. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. म्हातारा, हडकुळा माणूस असला की ते मुळातच कमी तयार होतं, म्हणून आकडा बरा दिसतो. मूत्रपिंडं आज थांबली तरी आकडा चढायला एक-दोन दिवस जातात, आणि सलाइनच्या पाण्याने तो आणखी खाली दिसतो. नेहमीची सूत्रं तब्येत स्थिर असलेल्यांसाठी, आयसीयूत ती चुकतात. म्हणून नर्स दर तासाला लघवीची पिशवी मोजत होत्या. मग काही तासांची लघवी साठवून रक्ताबरोबर तपासली, तर मूत्रपिंडं निम्मंही काम करत नव्हती. त्याच दिवशी अँटिबायोटिकचा डोस बदलला.

जेपी पुढची चार वर्षं डायलिसिसवर जगले. मार्च १९७७ मध्ये त्याच अवस्थेत राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना शपथ दिली. मार्च १९७९ मध्ये तर संसदेत त्यांच्या निधनाची घोषणा झाली, श्रद्धांजलीही वाहिली गेली, आणि जेपी जसलोकमध्ये जिवंत! ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात गेले, सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना.

आजोबा तीन आठवड्यांनी घरी आले. आल्या आल्या, फोटोवरची धूळ कुणी पुसली नाही म्हणून मला ओरडले.