सत्तरीत पोचलेला गडी भारताचा नकाशा मोजायला निघाला आणि वाटेत हिंगणघाटला कायमचा थांबला…

समजा, तुम्ही रात्री शिरूरहून दौंडला निघालाय. आडवाट धरलीये. दोन्ही बाजूंना डोक्याइतका ऊस, कुठं दिवा नाही, विचारायला माणूस नाही. आणि ऐनवेळी मोबाईलची बॅटरी संपली. आता भीमा नदी कुठल्या अंगाला आहे, हे छातीठोकपणे सांगता येईल?

आपल्यातल्या बहुतेकांना नाही येणार. पण जगात असे लोक आहेत, जे मुद्दाम अनोळखी रानात जातात. हातात फक्त नकाशा आणि होकायंत्र. रानात ठरलेल्या जागी निशाण्या लावलेल्या असतात. त्या सगळ्या क्रमानं शोधायच्या आणि सगळ्यात कमी वेळात परत यायचं. या खेळाला म्हणतात ओरिएंटिअरिंग.

खेळ मूळचा स्वीडन-नॉर्वेच्या लष्करातला. लोकांसाठीची पहिली स्पर्धा १८९७ साली नॉर्वेत झाली. या खेळात पाय जितके पळतात, तितकंच डोकं पळावं लागतं. त्यामुळं वय झालं म्हणून कुणी घरी बसत नाही. पस्तिशीनंतर व्हेटरन म्हणजे मुरलेल्या खेळाडूंचे वेगळे गट असतात आणि ऐंशी-नव्वदीतले आजी-आजोबाही नकाशा घेऊन रानात उतरतात.

पण हा खेळ जन्माला यायच्या कितीतरी आधी एक गडी आपल्या देशात हेच करत होता. खेळ म्हणून नाही, पोटापाण्याचं काम म्हणून. त्याचं मैदान होतं कन्याकुमारीपासून विदर्भापर्यंतचं. आणि त्याची शर्यत चालली वीस वर्षं.

त्याचं नाव विल्यम लॅम्बटन.

वाट चुकली आणि आभाळाकडं बघितलं

लॅम्बटन इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. घरची परिस्थिती बेताची, पण गणितात हुशार. १७८१ साली सैन्यात भरती झाला आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पाठवला गेला. तिथं यॉर्कटाउनला इंग्रजांनी शरणागती पत्करली तेव्हा तोही युद्धकैदी झाला. सुटल्यावर पुढची बरीच वर्षं कॅनडात काढली. तिथं जमिनीच्या मोजणीचं काम केलं, गणित आणि खगोलशास्त्राची पुस्तकं वाचली. बढती नाही, नाव नाही, ओळख नाही.

भारतात आला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. त्याच्या ३३ नंबरच्या पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली. हाच पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

१७९९ चा एप्रिल महिना. टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणला इंग्रजांनी वेढा घातलेला. एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी एका झाडीत छापा टाकायला गेली. तिथं शत्रू सापडला नाही, म्हणून परत फिरली. लॅम्बटन या तुकडीत होता. चालता चालता त्यानं वर बघितलं. सप्तर्षी दिसले आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला जायचंय दक्षिणेला आणि आपण चाललोय उत्तरेला. म्हणजे थेट टिपूच्या सैन्याच्या तोंडात.

त्यानं बेअर्डला सांगितलं. बेअर्डला ते पटलं नाही, चांदण्या बघून वाट शोधायची आपल्याला गरज नाही असं त्याचं म्हणणं पडलं. थोडं पुढं गेल्यावर मात्र शंका आली. मग म्हणे होकायंत्र काढलं आणि अंधारात काटा दिसावा म्हणून काजव्याचा उजेड वापरला. लॅम्बटनचं बरोबर निघालं. तुकडी उलटी फिरली आणि वाचली.

आयुष्यभर मागं राहिलेल्या माणसाकडं वरिष्ठांचं लक्ष जायला लागलं.

तीन कोनांचा खेळ

टिपू पडला आणि इंग्रजांच्या हातात मोठा मुलूख आला. सारा वसूल करायचा, फौजा हलवायच्या, तर नीट नकाशे पाहिजेत. लॅम्बटननं प्रस्ताव मांडला, की मद्रासच्या किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सगळा भाग त्रिकोणांच्या जाळ्यानं मोजू. त्यात त्याचा स्वतःचा आणखी एक डाव होता. त्याला पृथ्वीचा आकार मोजायचा होता.

पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे हे तोवर माहीत झालं होतं. पण किती चपटी? ते काढायचं तर दक्षिण-उत्तर रेषेवर एका अंशाचं अंतर ठिकठिकाणी किती भरतं, हे मोजावं लागतं. वेलस्लीनं शब्द टाकला. त्याचाच भाऊ तेव्हा गव्हर्नर जनरल होता. काम मंजूर झालं.

आता हे मोजायचं कसं? सगळा देश साखळी टाकत मोजला तर जन्म पुरायचा नाही. म्हणून एक युक्ती असते, जी आपण शाळेत त्रिकोणमितीत शिकलोय. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले, की उरलेल्या दोन बाजू गणितानं निघतात. म्हणजे एकच बाजू जमिनीवर मोजायची, पुढं डोंगराच्या शिखरांवर चढून फक्त कोन घ्यायचे. निघालेल्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्याच्यावर तिसरा. असं जाळं पुढं सरकत जातं.

पण यात एक गोम आहे. पहिली बाजू चुकली, तर पुढचं सगळं चुकलं.

म्हणून १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात पहिली बाजू मोजायला सुरुवात झाली. अंतर साडेसात मैल, म्हणजे सुमारे १२ किलोमीटर. सायकलवर तासाभरात संपेल एवढं. लॅम्बटनच्या माणसांना ते मोजायला दीड महिना लागला. १०० फुटांची पोलादी साखळी होती, ती जवळपास ४०० वेळा टाकावी लागली. उन्हानं पोलाद प्रसरण पावतं, म्हणून प्रत्येक वेळी तापमान बघायचं आणि तेवढा फरक हिशोबात धरायचा.

साखळीचाही किस्सा आहे. ती मुळात चीनच्या बादशहाला भेट म्हणून पाठवली होती. त्याला नको झाली, फिरत फिरत भारतात आली. आणि कोन मोजायचं थिओडोलाइट नावाचं यंत्र होतं अर्ध्या टनाचं. ते आणणारं जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं. तेव्हा इंग्रज-फ्रेंच म्हणजे हाडवैरी. पण हे यंत्र शास्त्राच्या कामाचं आहे म्हटल्यावर फ्रेंच गव्हर्नरनं ते सन्मानानं परत पाठवलं.

आपणच आपली चूक शोधायची

लॅम्बटनची खरी गंमत पुढं आहे.

मद्रासहून त्रिकोणांचं जाळं बंगळूरपर्यंत पोचलं. गणितानं तिथल्या एका बाजूची लांबी निघाली. काम पुढं न्यायला एवढं पुरेसं होतं. पण त्यानं १८०४ साली तीच बाजू परत साखळी टाकून मोजायला लावली. आपलं गणित खरं आहे का, हे जमिनीला विचारायला. सात मैलांच्या आसपासच्या त्या अंतरात गणित आणि मोजणी यांच्यातला फरक निघाला चार इंचांपेक्षा कमी.

मग हीच सवय झाली. कोइमतूर, गुत्ती, आणि १८१५ साली आपल्या सीमेला लागून असलेल्या बीदरजवळ दामरगिद्दा. ठराविक अंतरानं थांबायचं, परत साखळी टाकायची, आपली चूक शोधायची आणि मगच पुढं जायचं. ओरिएंटिअरिंगमध्ये मुरलेले खेळाडू हेच करतात. नवखा जोशात पळत सुटतो आणि पंधरा मिनिटांनी कळतं की भलताच ओढा पार केला. मुरलेला गडी मधूनमधून थांबून नकाशा आणि जमीन जुळवून बघतो.

१८०६ पर्यंत मद्रास ते मंगळूर मोजणी पुरी झाली. तेव्हा कळलं, की जुन्या नकाशांत द्वीपकल्पाची रुंदी ४० मैल जास्त दाखवली होती. म्हणजे ४० मैल जमीन फक्त कागदावर होती.

एवढं होऊनही मद्रासच्या हिशोबनीसांना हा खर्च फुकटचा वाटत होता. त्यांच्यातल्या एकाचा मुद्दा असा होता, की श्रीरंगपट्टणला जायचं तर पालखीच्या भोयांना सांगा, ते बरोबर नेतात, नकाशा कशाला? लॅम्बटन भांडला नाही. आकडे पाठवत राहिला.

तंजावरचा अपघात

१८०८ साली तंजावर भागात काम चालू होतं. आपल्या भोसले घराण्याची गादी असलेलं तंजावर. तिथं सपाट भातशेती, डोंगर नाहीत. उंच जागा एकच, ती म्हणजे देवळांची शिखरं. म्हणून बृहदीश्वराच्या मंदिरावर यंत्र चढवायचं ठरलं. दोरानं वर ओढताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर जोरात आदळलं. ज्या गोल चकतीवर कोन मोजायचे, तीच वाकली.

दुसरं कुणी असतं तर दोर धरणाऱ्या मजुरांवर खापर फोडलं असतं. लॅम्बटननं जबाबदारी स्वतःवर घेतली आणि यंत्रासोबत स्वतःला कोंडून घेतलं. पाचरी आणि स्क्रू वापरून केसाकेसानं चकती पूर्ववत खेचत राहिला. सहा आठवड्यांनी यंत्र परत कामाला लागलं.

हे सगळं चालायचं कसं?

पावसाळा संपला की हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते आणि लांबचं शिखर दिसतं. उन्हाळ्यात धुरकट हवेमुळं काही दिसत नाही. म्हणजे कामाचा हंगाम पावसाळ्यानंतरचा. पण मलेरियाचा हंगामही तोच.

माणसं डोंगरावर चढायची, झाडी तोडायची, माथ्यावर निशाण उभं करायची. लांबच्या निशाणावर दुर्बीण लावून तोच कोन पुन्हा पुन्हा घेतला जायचा. धुकं आलं तर दिवसचे दिवस वाट बघायची. यंत्र वाहणारे, निशाणं धरून रानात बसणारे खलाशी सगळे इथलेच. त्यातले कितीतरी तापानं गेले. त्यांची नावं कुठल्याही नकाशावर नाहीत.

१८१८ मध्ये या कामाला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्वे हे नाव मिळालं. त्याच वर्षी पेशवाई संपली आणि मराठी मुलूख इंग्रजांच्या हातात गेला. हा योगायोग विसरून चालत नाही. लॅम्बटनला पृथ्वीचा आकार पाहिजे होता, कंपनी सरकारला सारा आणि सत्ता. एकाच साखळीनं दोन्ही मोजलं गेलं.

याच सुमारास लॅम्बटनच्या हाताखाली एक तरुण अधिकारी आला. जॉर्ज एव्हरेस्ट. गोदावरी-कृष्णेच्या रानात पहिल्याच मोहिमेत तो आणि त्याची माणसं तापानं अंथरुणाला खिळली. म्हातारा मात्र चालतच होता.

शेवटचा टप्पा

लॅम्बटनच्या जन्माचं साल वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं दिलंय. पण १८२२ उजाडलं तेव्हा तो सत्तरीच्या आसपास होता, असं बऱ्याच जणांनी मानलंय. छातीत दुखणं होतं, खोकला होता. मायदेशी जाऊन आरामात बसता आलं असतं. त्यानं मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवायचं ठरवलं, कारण त्रिकोणांची रांग आता विदर्भात शिरत होती.

नागपूरला तो पोचलाच नाही. २० जानेवारी १८२३ ला वाटेत हिंगणघाटला त्यानं प्राण सोडला. तोवर सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैलांचा मुलूख जाळ्यात आला होता.

काम एव्हरेस्टनं पुढं नेलं. १८४१ पर्यंत ही रांग हिमालयाच्या पायथ्याशी पोचली. त्याच जाळ्याच्या आधारानं पुढं शिखरांच्या उंच्या काढल्या गेल्या. राधानाथ सिकदार यांच्या गणितातून १५ नंबरचं शिखर जगात सगळ्यात उंच ठरलं आणि १८६५ मध्ये त्याला नाव मिळालं एव्हरेस्ट.

ज्यानं सुरुवात केली, त्याच्या वाट्याला आली हिंगणघाटातली एक कबर.

शिरूरचा साहेब आणि हिंगणघाटचा साहेब

आता परत शिरूरला येऊ. घोडनदीच्या काठी इंग्रजांची मोठी छावणी होती. तिथं कर्नल विल्यम वॉलेस नावाचा अधिकारी १८०९ साली वारला. तोही आर्थर वेलस्लीच्या हाताखाली लढलेला. पण शिरूरच्या लोकांनी त्याला सत्पुरुष मानलं. त्याच्या समाधीला नैवेद्य दाखवायची पद्धत पडली. सैनिक असून लोकांच्या मनात तो देव झाला.

लॅम्बटन तसा कुणाच्या मनात राहिला नाही. राहणार कसा? तो कुठं थांबलाच नाही. एका डोंगरावरून दुसरा डोंगर दिसला की तंबू गुंडाळायचा.

पण त्याची खूण आपल्या जवळच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे असतात, ट्रेकर लोक त्यांना टोपोशीट म्हणतात. त्यात शिरूर आणि दौंड दोन्ही ४७ जे या क्रमांकाच्या पट्ट्यात येतात. घोड कुठं भीमेला मिळते, कुठली टेकडी किती उंच, कुठं विहीर, कुठं देऊळ, सगळं जागच्या जागी. ही शिस्त मद्रासच्या त्या साडेसात मैलांपासून सुरू झाली. म्हणूनच १० एप्रिल हा दिवस आपल्याकडं राष्ट्रीय सर्वेक्षण दिन म्हणून पाळला जातो.

तर कधी दौंडहून विदर्भाची गाडी पकडलीत आणि वर्ध्याला उतरलात, तर हिंगणघाट तिथून जवळ आहे. वाट चुकणार नाही. मोबाईलवर नकाशा आहेच.

आणि बॅटरी संपली, तर वर बघा. सप्तर्षी तिथंच आहेत.