रस्ता सरकारी, नफा खासगी : बॅरन ओस्मानची गोष्ट

टाउन प्लॅनिंगच्या पेपरात पॅरिसवर टीप आली की आपल्या सगळ्यांच्या त्याच तीन ओळी ठरलेल्या. रुंद बुलेव्हार्ड, दुतर्फा झाडे, टोकाला एखादे स्मारक. पेन्सिलीने एक गोल चौक काढायचा, त्यातून बारा रस्ते फुटलेले दाखवायचे, झाले पाच मार्क! हे सगळे ज्याच्या नावावर जमा आहे त्या बॅरन ओस्मानचा (स्पेलिंगच्या सुरुवातीला एच आहे, पण फ्रेंच लोक तो गिळतात, आपल्याकडे 'हाउसमन' म्हणतात, तेही चालते) टी-स्क्वेअरशी मात्र काडीचा संबंध नव्हता. तो इंजिनिअर नव्हता, आर्किटेक्टही नव्हता. तो होता कायदा शिकलेला सरकारी अधिकारी. त्याची खरी करामत ड्रॉइंग बोर्डावर नव्हे, हिशेबाच्या वहीत झाली, आणि त्याच वहीने शेवटी त्याची खुर्ची घालवली.

जॉर्ज-युजेन ओस्मान २७ मार्च १८०९ ला पॅरिसमध्येच जन्मला. घराणे मूळचे आल्सास प्रांतातले, प्रॉटेस्टंट. कायद्याबरोबर त्याने संगीताचेही शिक्षण घेतले होते. १८३१ मध्ये सरकारी नोकरीत शिरला आणि पुढची पंधरा-सतरा वर्षे नेराक, साँ-जिराँ, ब्ले अशा आडगावांत उपजिल्हाधिकारी म्हणून काढली. १८३८ मध्ये बोर्दोच्या एका मुलीशी लग्न केले. या काळात सांगण्यासारखे फारसे घडले नाही. लुई नेपोलियन सत्तेवर आला तशी गाडी वेगात निघाली. १८४९ पासून तीन ठिकाणी प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या कलेक्टरसारखे पद, त्यात शेवटचे बोर्दो. आणि जून १८५३ मध्ये थेट पॅरिस.

तेव्हाचे पॅरिस म्हणजे दहा लाखांवर माणसे आणि मध्ययुगातल्या गल्ल्या. १८३२ च्या कॉलऱ्यात तिथे अठरा हजारांवर माणसे दगावली होती. १८४९ मध्ये तो पुन्हा आला. रेल्वे स्टेशने शहराच्या कडेला झाली, पण एका स्टेशनावरून दुसऱ्याकडे जायला धड रस्ता नाही. शिवाय १८३० आणि १८४८ मध्ये लोकांनी याच अरुंद गल्ल्यांत अडथळे रचून राजे पळवून लावले होते, ते नव्या सम्राटाच्या चांगलेच लक्षात होते. त्याने रंगीत रेघांनी नवे रस्ते आखलेला एक नकाशा ओस्मानच्या हातात दिला. कल्पना सम्राटाची. प्रश्न एकच होता... पैसे कुठून आणायचे?

आधीचा प्रीफेक्ट बेर्जे कर्ज काढायला कचरत होता. पदरी असेल तेवढेच खर्चावे, असा त्याचा सरळ घरगुती हिशेब. गृहमंत्री पेर्सिन्यीला हे मान्य नव्हते. त्याचे गणित वेगळे. शहराचे मोठे उत्पन्न म्हणजे वेशीवर मालावर घेतली जाणारी जकात, आपल्याकडे महापालिका पूर्वी घेत तशीच. रस्ते झाले की व्यापार वाढतो, इमारती वाढतात, माणसे वाढतात, म्हणजे जकातही वाढते. मग दरवर्षीची शिल्लक थेट खर्चायची कशाला? तिच्यावर व्याज भरा आणि कितीतरी पट कर्ज उचला. कर एका पैशानेही न वाढवता! हे धाडस करायला पेर्सिन्यीने निवडला तो ओस्मान.

ओस्मानने आधी सर्व्हे केला, हे मात्र आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे. शहराचा भरवशाचा नकाशाच नव्हता. घरांच्या छपरांपेक्षा उंच लाकडी मनोरे उभारून त्याच्या माणसांनी अख्ख्या पॅरिसचे त्रिकोणमापन केले, लेव्हलिंग केले. त्या नकाशाची मोठी प्रत चौकटीत बसवून तो आपल्या टेबलामागे ठेवत असे. इंजिनिअर निवडतानाही नजर पक्की. पाण्यासाठी आणि सांडपाण्यासाठी बेल्ग्राँ, बागांसाठी आल्फाँ. बेल्ग्राँने द्युइस नदीचे पाणी शंभरावर किलोमीटरच्या कालव्याने शहरात आणले, आणि ओस्मान गेला तेव्हा भुयारी गटारांची लांबी पाचशे किलोमीटरच्या पुढे पोहोचली होती. एक नवा बुलेव्हार्ड साँ-मार्तँ कालव्याला आडवा जाणार होता. उंच पूल बांधण्याऐवजी कालव्याचीच पातळी काही मीटर खाली नेली आणि वरून कमान टाकून रस्ता काढला. सैन्याला पलीकडच्या कामगार वस्तीत झटपट शिरता यावे, हाही त्यात हेतू होता.

आता मुख्य भाग. पहिल्या टप्प्यात रिव्होली रस्त्याची लांबी वाढली आणि उत्तर-दक्षिण सेबास्तोपोल बुलेव्हार्ड निघाला (तो एप्रिल १८५८ मध्ये खुला झाला). खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकारने उचलला. १८५२ च्या एका हुकुमाने पालिकेला मोठे हत्यार मिळाले होते. रस्त्यात घराचा कोपरा जात असला आणि उरलेल्या तुकड्यावर आरोग्यदायी इमारत होणे शक्य नसले, तर पूर्ण भूखंड ताब्यात घेता येई. गल्लीतली ती कळकट जागा रस्ता झाल्यावर बुलेव्हार्डची दर्शनी जागा होई. पालिका ती चढ्या भावाने विकी आणि रस्त्याचा बराच खर्च त्यातून भरून काढी. म्हणजे रस्त्याने जी किंमत वाढवली ती रस्त्याच्याच कामी आली. किती सोपे!

पण घरमालकही झोपलेले नव्हते. डिसेंबर १८५८ मध्ये नियम आला की रस्त्याला न लागणारी उरलेली जमीन मूळ मालकाला परत मिळाली पाहिजे. एका फटक्यात गणित उलटे झाले. भरपाई पालिकेने द्यायची, पाडापाडी पालिकेने करायची, फरसबंदी, झाडे, गॅसचे दिवे, पाणी, गटार सगळे पालिकेचे. आणि त्या रस्त्यामुळे दुप्पट-तिप्पट झालेली जागेची किंमत? ती मालकाच्या खिशात. त्यात भरपाई ठरवणारे पंच कोण, तर स्वतः मालमत्तावाले! ते सढळ हाताने आकडे टाकत. १८६० पासून भाडेकरूंच्या भरपाईचा बोजाही वाढला, आणि मग दुकानदार खोट्या वह्या दाखवून धंदा फुगवू लागले. कुठला रस्ता कुठून जाणार याची बातमी आधी लागली तर माणूस रातोरात श्रीमंत. एमिल झोलाने 'ला क्युरे' ही कादंबरी लिहिली ती याच लुटीवर.

(आपल्या मुंबईत प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही त्याची कामे. रस्त्याला लागते त्यापेक्षा जास्त जमीन घ्यायची आणि प्लॉट भाडेपट्ट्याने द्यायचे, ही सोय त्याच्याकडे होती. १९१५ च्या मुंबई प्रांताच्या नगररचना कायद्यात वाढलेल्या किमतीतला हिस्सा मालकाकडून वसूल करण्याची तरतूदही आली. ओस्मानच्या हातातून नेमके हेच गेले होते.)

१८५८ मध्येच दुसऱ्या टप्प्याचा करार झाला. एकूण १८ कोटी फ्रँक, त्यातले ५ कोटी सरकारचे, बाकी पालिकेचे. प्रत्यक्षात खर्च गेला ४१ कोटींवर. तिसऱ्या टप्प्याला तर सरकारने हातच वर केले. कर्जाला संसदेची मंजुरी लागे आणि संसद आता कुरकुरायला लागली होती. मग ओस्मानने जी युक्ती काढली ती आपल्या बीओटीची थोरली बहीण म्हणावी अशी आहे. कंत्राटदारानेच जमीन घ्यायची, पाडायची, रस्ता बांधायचा आणि तयार रस्ता पालिकेला द्यायचा. पालिका पैसे देणार हप्त्याहप्त्याने, पुढच्या आठ-दहा वर्षांत. पण कंत्राटदाराला रोकड आज हवी. म्हणून त्याला पालिकेच्या देण्याचे कागद मिळत, ते क्रेदी फोंसिए बँकेत वटवून तो पैसे उचली. कागदोपत्री हे कर्ज नाहीच! खरे तर पालिका बँकेची कर्जदार झाली होती, फक्त मधे कंत्राटदार उभा होता. पेरेर बंधूंसारख्या सावकारांच्या कंपन्यांनी रिव्होली रस्त्यावर आणि ऑपेराजवळ भव्य हॉटेले, इमारती उठवल्या. १८६७ मध्ये त्यांचेही दिवाळे वाजले, तो भाग वेगळा.

किंमत आणखीही कुणीतरी मोजली. सुमारे वीस हजार घरे पडली. सीते बेटावर दाटीने राहणारी हजारो गरीब माणसे उठली, आणि नव्या इमारतींची भाडी त्यांच्या आवाक्यात नव्हती. ती बेलव्हिलसारख्या कडेच्या वस्त्यांत गेली. तिथे निदान जकात नव्हती, स्वस्ताई होती. १ जानेवारी १८६० ला कडेची गावे शहरात घेतली गेली आणि जकात त्यांच्या मागोमाग तिथेही पोहोचली. ज्या कर्जाच्या रस्त्यासाठी घर गेले, त्याचे व्याज आता त्यांच्या दारूच्या आणि मटणाच्या किमतीतून वसूल होऊ लागले. माझ्या मते ओस्मानच्या हिशेबातली ही सगळ्यात काळी ओळ, आणि ती कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

१८६७-६८ मध्ये ज्यूल फेरी या तरुण वकिलाने ओस्मानच्या जमाखर्चावर लेखमाला लिहिली. फ्रेंचमध्ये गोष्ट आणि हिशेब या शब्दांचा उच्चार सारखाच. हॉफमनच्या अद्भुत गोष्टी तेव्हा घरोघरी माहीत, त्याने नाव दिले 'ओस्मानचे अद्भुत हिशेब'. लोक हसले, आणि मग बेरजा करू लागले. बँकेचे देणे ४० कोटींच्या आसपास निघाले. १८६९ मध्ये संसदेत जोरदार चर्चा झाली, कर्ज लांब मुदतीचे करून घ्यावे लागले. नवे उदारमतवादी मंत्रिमंडळ आले आणि त्याची पहिली अट म्हणजे ओस्मानची गच्छंती. हा पठ्ठ्या राजीनामा देईना! शेवटी ५ जानेवारी १८७० ला त्याला काढून टाकले.

एकूण खर्च अडीच अब्ज फ्रँकच्या घरात गेला. पण एवढा पैसा हातातून जाऊनही त्याने स्वतःची घरे भरली असे दिसत नाही. पुढे तो कॉर्सिकातून खासदार झाला, आठवणींचे तीन खंड लिहिले आणि त्यात हिशेब बरोबरच होता हे हट्टाने मांडले. पत्नी गेली आणि थोड्याच दिवसांत ११ जानेवारी १८९१ ला तोही गेला. ज्या घरात जन्मला ते घर त्याच्याच कामात कधीच पाडले गेले होते. त्याच्या नावाचा बुलेव्हार्ड तेव्हा अर्धवट होता, शेवटचा तुकडा पूर्ण व्हायला १९२७ साल उजाडले.