वृक्षाची नाडी शोधणारा शास्त्रज्ञ

उंच वृक्षाच्या शेंड्यावरील पानाला जमिनीतील पाणी कसे पोहोचते? वृक्षाला हृदय नाही, पंप नाही. हवेच्या दाबावर चालणारा ओढपंपही पाणी १० मीटरच्या फारसे वर उचलू शकत नाही. उष्ण कटिबंधातील वर्षावनांत मात्र त्याच्या पाच-सहा पट उंचीचे वृक्ष उभे असतात. निसर्गाच्या या कोड्याने आचार्य जगदीशचंद्र बोस यांना आयुष्याच्या उत्तरार्धात झपाटले होते. रेडिओलहरींवरील त्यांचे संशोधन सर्वांना ठाऊक आहे. वृक्षातील रसारोहणाविषयीचा त्यांचा ध्यास मात्र फारसा सांगितला जात नाही, कारण तेथे त्यांचे उत्तर चुकले.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र सरकारी सेवेत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. तरीही मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेत घातले. तेथे शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या मुलांसोबत बसताना झाडे, पशुपक्षी आणि जलचर यांविषयीचे कुतूहल त्यांच्या मनात रुजले. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफाँ यांनी त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावली. वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी ते लंडनला गेले, पण आजारपणामुळे तो बेत सोडावा लागला. मग केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. लॉर्ड रॅले यांच्याकडून पदार्थविज्ञान आणि चार्ल्स डार्विनचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांच्याकडून वनस्पतिशास्त्र, असा दुहेरी वारसा त्यांना तेथे लाभला.

१८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. भारतीय अध्यापकाला युरोपीय अध्यापकापेक्षा कमी वेतन देण्याची तेव्हा रीत होती. जगदीशचंद्रांनी तीन वर्षे वेतनच स्वीकारले नाही, पण अध्यापनात कसूरही केली नाही. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले आणि मागील पूर्ण वेतन द्यावे लागले. अन्यायापुढे न वाकण्याचा हा बाणा त्यांच्या विज्ञानातही कायम राहिला.

शतकाच्या वळणावर ते वनस्पतींकडे वळले. लाजाळूच्या पानांपासून निर्जीव धातूंपर्यंत बाह्य उद्दीपनाला मिळणारा प्रतिसाद ते विजेच्या साहाय्याने मोजू लागले. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी हे प्रयोग मांडले, तेव्हा पदार्थवैज्ञानिकाने आपल्या क्षेत्राबाहेर जाऊ नये असा शरीरक्रियाशास्त्रज्ञांचा सूर उमटला आणि त्यांच्या निबंधाची प्रसिद्धी रोखली गेली. जगदीशचंद्र खचले नाहीत. वनस्पतीची अतिसूक्ष्म वाढ दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी देशी कारागिरांकडून घडवून घेतला. १९१७ मध्ये आपल्या वाढदिवशी त्यांनी कोलकात्यात बोस संस्था स्थापन केली आणि १९२० मध्ये त्याच रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

या टप्प्यावर त्यांनी रसारोहणाचा प्रश्न हाती घेतला. खोडात टप्प्याटप्प्याने आत सरकणारी विद्युत्-शलाका घालून ते विद्युत्-स्पंदने नोंदवू लागले. सालीच्या आतल्या बाजूच्या एका थरात ही स्पंदने सर्वाधिक तीव्र आढळली. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की त्या थरातील जिवंत पेशी आकुंचन-प्रसरण पावतात आणि पाणी एका पेशीतून दुसरीत ढकलत वर नेतात. वृक्षाला एक लांबट हृदयच आहे म्हणा ना! १९२३ मध्ये त्यांनी या सिद्धान्तावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

कल्पना मोहक होती, पण तिच्याविरुद्धचा पुरावा आधीच उपलब्ध होता. जर्मन शास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी सुमारे २० मीटर उंचीच्या वृक्षांच्या खोडात विषारी द्राव चढू दिला होता. जिवंत पेशी मेल्या, तरी द्राव चढतच राहिला. त्यानंतर १८९४ च्या सुमारास डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी वेगळा खुलासा मांडला. पानांतील रंध्रांतून बाष्प बाहेर पडते, त्यामुळे लाकडातील जलवाहिन्यांमधले पाणी वर ओढले जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्याने ही ओढ थेट मुळापर्यंत पोहोचते. पाणी खालून ढकलले जात नाही, वरून खेचले जाते आणि त्यासाठीची ऊर्जा सूर्य पुरवतो. १९६५ मध्ये शोलांडर आणि सहकाऱ्यांनी दाबपात्राच्या साहाय्याने हा ताण मोजला आणि या खुलाशाला बळकटी आली. जगदीशचंद्र मात्र अखेरपर्यंत आपल्या सिद्धान्ताला चिकटून राहिले. सत्तेपुढे उपयोगी पडलेला ताठपणा पुराव्यापुढे उणा ठरला.

आज हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाही. दुष्काळात माती कोरडी पडते, तसा जलवाहिन्यांतील ताण वाढतो. त्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि पाण्याचा स्तंभ तुटतो. वृक्ष पर्णरंध्रे मिटतो, पाने गाळतो, खोल मुळांतून पाणी शोधतो. पण यालाही मर्यादा आहे. ब्राझीलच्या ॲमेझॉन वनात काशिउआना येथे शास्त्रज्ञांनी जमिनीलगत आच्छादने लावून सुमारे निम्मा पाऊस वर्षानुवर्षे अडवला. मोठे वृक्ष तेथे अधिक प्रमाणात मेले आणि त्यामागे अन्नाच्या तुटवड्यापेक्षा जलवाहतूक कोलमडणे हे कारण असल्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तापत्या पृथ्वीवर कोणती वने टिकतील, याचे उत्तर बरेचसे या सूक्ष्म नळ्यांत दडले आहे.

जगदीशचंद्रांचे २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे निधन झाले. वनस्पतींत विद्युत्-संदेश वाहतात हे त्यांचे प्रतिपादन पुढे मान्य झाले. १९६६ मध्ये एरंडाच्या पानातील जलस्तंभ तुटतानाचे सूक्ष्म आवाज टिपले गेले. तहानलेल्या झाडाची अवस्था यंत्राने ऐकता येते, हे त्यातून दिसले. वृक्षाला नाडी नाही, हे खरे. पण वृक्षाच्या देहाशी यंत्र जोडून त्याची स्थिती त्यालाच विचारावी, ही दृष्टी जगदीशचंद्रांनी दिली. त्यांची चूक लपवण्याचे कारण नाही. ती सांगूनही त्यांचे मोठेपण उरतेच.