कार्ल लिनियस

कार्ल लिनियस यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी स्वीडन देशातल्या एका खेड्यात झाला. वडील पाद्री होते. त्यांना बागेचा फार नाद. ते छोट्या कार्लला झाडांची नावे सांगायचे. कार्ल विसरायचा आणि परत परत विचारायचा. एकदा वडील रागावले, विसरलास तर पुन्हा सांगणार नाही म्हणाले. तेव्हापासून तो नावे लक्षात ठेवू लागला.

शाळेत मात्र त्याचे मन लागेना. मास्तर म्हणाले, हा काही पाद्री व्हायचा नाही. वडील त्याला बूट शिवायच्या कामाला लावणार होते. पण रोथमान नावाच्या डॉक्टरांनी त्यांना अडवले आणि मुलाला स्वतः शिकवले. नाहीतर गोष्ट इथंच संपली असती.

१७३२ साली लिनियस लॅपलँड या थंड भागात फिरायला गेले. कधी घोड्यावर, कधी पायी. वाटेत त्यांना घोड्याच्या जबड्याचे हाड टांगलेले दिसले. तेव्हा त्यांच्या मनात आले की प्रत्येक जनावराला दात किती नि कसे, सड किती नि कुठे, एवढे कळले तर सगळ्या जनावरांची नीट मांडणी करता येईल.

गुरुजींनी दिलेल्या पुस्तकात हे वाचलं आणि मी घरी आमच्या शेळीचं तोंड उघडून बघितलं. वर पुढचे दातच नाहीत! नुसती हिरडी. मग आजोबांनी बैलाचं तोंड धरून दाखवलं, तर तसंच. आजोबांना ते आधीच ठाऊक होतं, बैल घेताना ते दात बघतात ना. लिनियस यांनी गाय, शेळी, मेंढी, हरीण यांना एका गटात घातले ते याच खुणेवरून. घोड्याला वर दात असतात, म्हणून तो वेगळा.

१७३५ साली त्यांनी पुस्तक छापले. त्यात देवमासा माशांमध्ये होता. पण तो फुप्फुसाने श्वास घेतो, त्याचे रक्त गरम असते आणि मादी पिलाला दूध पाजते. म्हणून १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्यांनी त्याला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत घातले. आपली चूक आपणच सुधारली. वटवाघूळही सस्तनच. आमच्या वर्गात दोघेजण अजून त्याला पक्षी म्हणतात, पण ते पिलाला दूध पाजतं, मग पक्षी कसं?

त्याच पुस्तकात काही गमती पण आहेत. त्यांनी गेंडा उंदराच्या गटात घातला होता आणि वटवाघूळ माकडाच्या. माणसालाही माकडाच्या गटात घातले म्हणून काही लोक चिडले. पण ते बरोबर होते.

देवाने सगळे प्राणी वेगवेगळे केले असे लिनियस मानत. खुणा सारख्या का, तर पूर्वज एकच होते, हे १८५९ साली डार्विन यांनी पुस्तकात लिहिले. आता कळलंय की देवमाशाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे.

म्हातारपणी आजारपणामुळे लिनियस यांना काही आठवेना. हजारो झाडांना नि प्राण्यांना त्यांनीच नावे दिली होती. १० जानेवारी १७७८ रोजी उप्साला गावी ते वारले.

इयत्ता चौथी